दोन टॅब आणि एक नाताळ

वाचकाचं पत्र

प्रिय मावशी,

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, औषधांच्या दुकानात काम करते. दीड वर्षापासून मी आणि नवरा वेगळे राहतो, घटस्फोट अजून झालेला नाही. नऊ वर्षांची लेक माझ्याकडे असते. एक आड एक शुक्रवार-शनिवारची रात्र आणि सुट्टीतले काही दिवस ती बाबाकडे राहते. तो महिन्याला ३५० पौंड देतो. हे आपसांत ठरवलेलं आहे, कागदावर काही नाही. या महिन्यात त्याने तिच्यासाठी टॅब घेतला आणि मला मेसेज टाकला, "टॅबचे २३० वळते केले, बाकीचे १२० पाठवतो." गंमत म्हणजे मीही तिला टॅबच मागवला होता, ऑनलाइन, तीन हप्त्यांवर. तो ४ डिसेंबरला घरी आला. लेकीने तो कपाटात शोधून काढला आणि म्हणाली, "आई, मी दोन टॅब घेऊन काय करू?"

दुसरी गोष्ट. २८ डिसेंबरला पुण्यात त्याच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. लेकीला घेऊन १७ डिसेंबरला निघायचं आणि ८ जानेवारीला परतायचं असं त्याने ठरवून टाकलंय. शाळा १९ ला सुटते, ५ जानेवारीला उघडते. परवा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "एकदा आली की नातीला आम्ही सोडणारच नाही." तेव्हापासून मला झोप नाही.

तिसरं पैशाचं. आमचा पगार महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होतो. यंदा २६ तारखेला बँका बंद, म्हणून १९ लाच देणार आहेत. थोडं युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाला सरकारी मदत) मिळतं, त्याचा महिना २४ ते २३ असा धरतात. क्रेडिट कार्डावर १,४०० पौंड झालेत. आम्हा दहा जणींची भिशी आहे, माझा नंबर मार्चमध्ये. ओळखीच्या एक बाई ५०० देते म्हणतात, मार्चला ६५० परत करायचे, तोवर माझा पासपोर्ट त्यांच्याकडे. सरकारकडून ख्रिसमस बोनस मिळतो असंही कुणी म्हणालं.

पूर्ण पैसे दिल्याशिवाय लेकीला पाठवणारच नाही, असं त्याला ठणकावून सांगावंसं वाटतं. चुकतंय का माझं?

– एक आई


मावशीचं उत्तर

चुकतंय. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की बाकीचे आपोआप लहान होतात.

इंग्लंडच्या कायद्यात मुलीचा मेंटेनन्स, म्हणजे तिच्या पालनपोषणाचे पैसे, आणि मुलीचं बापाला भेटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्याने पैसे थकवले म्हणून तू भेट अडवू शकत नाहीस, आणि तू भेट अडवलीस म्हणून त्याला पैसे थांबवता येत नाहीत. या दोन्हींचा हिशेब ठेवणारं ऑफिसही एक नाही: पैशाचं चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस बघते, मूल कधी कुणाकडे राहणार हे फॅमिली कोर्ट. एकोणीस वर्षं मी एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसले. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात समोर येणाऱ्या निम्म्या भांडणांत हीच सरमिसळ असायची. त्याने टॅब आणि मेंटेनन्स एकाच पातेल्यात टाकले. तू त्यात पुण्याचा प्रवासही घालायला निघाली आहेस. मग खिचडीच होणार.

तेव्हा एकेक वेगळं काढू.

प्रवास हा यातला सगळ्यात जड भाग आहे आणि तारखाही त्याच्याच जवळ आल्यात, म्हणून तिथून सुरुवात. लेकीच्या जन्माच्या वेळी तुमचं लग्न झालेलं होतं असं धरते, म्हणजे पालक म्हणून कायदेशीर जबाबदारी दोघांचीही आहे. कोर्टाचा कुठलाही आदेश नसताना तिला देशाबाहेर न्यायचं तर दुसऱ्या पालकाची परवानगी लागते. परवानगी न घेता नेलं तर तो १९८४ च्या कायद्याखाली मूल पळवण्याचा गुन्हा ठरतो. बापालाही हे लागू, आईलाही. पुढच्या उन्हाळ्यात तू तिला माहेरी न्यायचं म्हणशील तेव्हा तुलाही त्याची संमती घ्यावी लागेल, हे आत्ताच लक्षात ठेव. (तुमच्यात पुढे कोर्टाचा आदेश झाला आणि मूल कुणाकडे राहील हे त्यात लिहिलं गेलं, तर ती व्यक्ती २८ दिवसांपर्यंत विचारल्याशिवाय नेऊ शकते. आज तुमच्याकडे असा आदेश नाही.)

म्हणजे "त्याने ठरवून टाकलंय" हे खरं नाही. तुझी सही झाल्याशिवाय काही ठरलेलं नाही. ही ताकद तुझ्या हातात आहे, म्हणूनच ती १२०-२३० पौंडांच्या वादात खर्चू नकोस.

आता सासूबाईंचं वाक्य. "नातीला आम्ही सोडणारच नाही" हे वाक्य पुण्यातली प्रत्येक आजी प्रत्येक नातीबद्दल म्हणते. माझी आई माझ्या मुलाला म्हणायची आणि पंधराव्या दिवशी "कधी जाणार गं परत?" असं मला हळूच विचारायची. तेव्हा एकट्या या वाक्यावर मी झोप घालवणार नाही. पण भीती हसण्यावारीही नेणार नाही, आणि त्याचं कारण सांगते. मूल एका देशातून दुसऱ्या देशात बेकायदा नेलं किंवा ठेवून घेतलं तर ते परत मिळवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. ब्रिटन त्यात आहे, भारत नाही. म्हणजे मूल पुण्यात ठेवून घेतलं गेलं तर इथल्या कोर्टाचा आदेश तिकडे सरळ लागू होत नाही. भारतातल्या कोर्टात जावं लागतं, तिथले न्यायाधीश मुलाचं हित कशात आहे ते नव्याने बघतात आणि त्यात किती काळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. तिकडे गेल्यावर काय करता येईल याचा विचार करण्यापेक्षा सगळी काळजी सही करण्यापूर्वी घ्यायची, ती यासाठी.

स्वतःला काही प्रश्न विचार. त्याची नोकरी इथे पक्की आहे का? घर सोडायची नोटीस वगैरे काही दिली आहे का? तिकीट दोन्ही बाजूंचं आहे का? पुण्यातल्या शाळेची चौकशी केल्याचं कानावर आलं का? लेकीचे जन्मदाखल्यासारखे कागद त्याने अचानक मागितले का? तुझ्या पत्रात यातलं एकही लक्षण नाही, आणि तू बारकाईने लिहिणारी बाई दिसतेस, असतं तर लिहिलं असतंस. म्हणून माझं मत सांगते: तिला जाऊ दे. आजीने हजार पौर्णिमा बघितल्या, तो सोहळा पुन्हा व्हायचा नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीला पणजीला ओवाळताना बघायला मिळणं ही काही थोडकी गोष्ट नाही. पण जाऊ दे ते लेखी अटींवर.

संमतीपत्र एका पानाचं पुरतं. त्यात लेकीचं नाव आणि पासपोर्ट नंबर, जाण्या-येण्याच्या विमानांचे नंबर आणि तारखा, पुण्यातला पत्ता, सोबत कोण आहे, तुझा फोन नंबर, आणि एक स्पष्ट वाक्य: ही परवानगी अमुक तारखेला परत येईपर्यंतचीच आहे. खाली तुझी सही आणि तारीख. विमानतळावर हे पत्र विचारू शकतात. सोबत नेणाऱ्या पालकाचं आणि मुलीचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखल्याची प्रतही बरोबर असलेली बरी. तिचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आत्ता कुणाकडे आहे ते तू लिहिलं नाहीस. तुझ्याकडे असेल तर तिकिटाची प्रत हातात येईपर्यंत तुझ्याचकडे राहू दे. त्याच्याकडे असेल तर आधी त्यावर बोला.

आणि वरच्या प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर उलटं आलं, समजा तिकीट एकाच बाजूचं निघालं, तर सही करू नकोस आणि त्याच दिवशी कौटुंबिक कायद्याचा वकील गाठ. नेऊ नये असा मनाई आदेश कोर्टाकडून तातडीने मागता येतो. एरवी कोर्टात जाण्याआधी मध्यस्थाची पहिली भेट घ्यावी लागते, पण मूल देशाबाहेर नेलं जाण्याचा धोका असेल तिथे ती अट सोडतात. निघायच्याच बेतात आहे असं कळलं तर थेट पोलीस. रियुनाइट नावाची संस्था नेमक्या याच विषयात फोनवर सल्ला देते.

शाळेचं बोलू. १७ ते १९ चे तीन दिवस आणि ५ ते ८ जानेवारीचे चार, असे सात दिवस बुडतात. इंग्लंडमध्ये दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी बुडाले की दंडाचा विचार होतो. दंड आहे माणशी, मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरला तर. नाहीतर १६०. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०, आणि तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. "माणशी" शब्दाकडे बघ: पाठवायला तुझी सही असेल तर दंडाची चिठ्ठी तुझ्याही नावाने येऊ शकते. १७ ची तिकिटं स्वस्त असतात हे मला कळतं. दंड भरूनही स्वस्त पडतं असा हिशेब मांडणारी घरं मी पाहिली आहेत. पण तो हिशेब त्याने तुला न विचारता तुझ्या खिशातून मांडू नये. २० ला निघून ४ जानेवारीच्या आत परत, हे तू सुचव. सोहळा २८ ला आहे, त्यात बसतो. जायचे दिवस अगदीच हलत नसतील तर निदान यायचे हलव, म्हणजे पाचाच्या खाली राहाल. मुख्याध्यापकांना खरं कारण लिहून रजा मागायला हरकत नाही. देतीलच असं नाही, पण आजारपण सांगून फसवू नका. नऊ वर्षांची मुलगी वर्गात पहिल्याच दिवशी सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो दाखवणार!

हे सगळं मुळात का होतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. नाताळ आपला सण नाही. तरी इथल्या मराठी घरांतली सगळ्यात मोठी ओढाताण नाताळातच होते, कारण गणपतीला शाळा सुटत नाही, दिवाळीला सुटत नाही, आणि थंडीत भारतात जाता येईल अशी सलग दोन आठवड्यांची सुट्टी ही एवढीच. म्हणून वेगळ्या झालेल्या आई-बापांना तीच हवी असते. कॅफकॅस या फॅमिली कोर्टात मुलांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा पालकत्वाच्या योजनेचा नमुना ऑनलाइन मिळतो. त्यात सणांविषयी लिहायला जागा आहे. बहुतेक जण तिथे "ख्रिसमस आलटून-पालटून" एवढंच लिहितात. तुम्ही तिथे मोठी यादी लिहा. यंदाची हिवाळ्याची सुट्टी बाबाची, पुढची आईची. दिवाळीच्या जवळचा शनिवार-रविवार आईकडे असेल त्या वर्षी गणपती बाबाकडे. वाढदिवसाला दुसऱ्याशी व्हिडिओ कॉल. तुम्हाला समोरासमोर बसणं जमत नसेल तर मध्यस्थ आहे. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी व्हाउचर योजना चालू असेल तर मध्यस्थीच्या खर्चासाठी कुटुंबामागे ५०० पौंडांपर्यंत मिळू शकतात. हे जानेवारीत करा. आत्ता दोघंही तापलेले आहात.

आता ३५०.

तुमचा व्यवहार आपसांतला आहे आणि आपसांतलं ठरलेलं कायद्याने बांधत नाही. त्याने टॅब वळता केला तर तू आज त्याला कुठे खेचू शकत नाहीस. पण ३५० हा आकडा योग्य आहे का, हे तुला माहीत असायला हवं. सरकारी सूत्र असं: बापाचं कर कापण्यापूर्वीचं आठवड्याचं उत्पन्न घ्यायचं (पेन्शनला जाणारी रक्कम वजा करून), ते २०० ते ८०० पौंडांमध्ये असेल तर एका मुलाला १२ टक्के. मूल वर्षातून ५२ ते १०३ रात्री बापाकडे राहत असेल तर त्यातला सातवा हिस्सा कमी. धर, तो वर्षाला ४१,६०० कमावतो, म्हणजे आठवड्याला ८००. त्याचे १२ टक्के ९६. एक आड एक शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री म्हणजे वर्षाला ५२, वर सुट्टीतल्या. सातवा हिस्सा वजा, उरले ८२ पौंड आणि थोडे पेन्स. महिन्याला साधारण ३५७. त्याचा पगार वेगळा असेल तर आकडा बदलेल. गव्ह-डॉट-यूके या सरकारी साइटवर कॅल्क्युलेटर फुकट आहे, दोघांनी आपापल्या फोनवर करून बघा.

तो फार कमी कमावत नसेल तर ३५० हा ठीक आकडा आहे आणि तो त्याने दीड वर्ष दिलाय, हेही मान्य कर. त्याने टॅब "वळता केला" तेव्हा बहुधा त्याच्या मनात असं असेल की पैसे गेले ते लेकीवरच गेले. बापांना हे खरोखर कळत नाही. मेंटेनन्स म्हणजे तिच्या डोक्यावरचं छप्पर, हीटिंग, बूट, शाळेचा डबा. टॅबवर वरणभात शिजत नाही. भेट ही भेट, ती हप्त्यात धरायची तर आधी विचारायचं आणि दुसऱ्याने हो म्हणायचं. हेच त्याला सांग. "तू फसवलंस" म्हणू नकोस.

ऐकलंच नाही तर चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस आहेच. अर्जाची २० पौंडांची फी २०२४ च्या फेब्रुवारीत बंद झाली. ते रक्कम ठरवून देतात आणि तुम्ही आपसांत देवघेव करता, त्याला फी नाही. तरीही तो देत नसेल तर ते वसूल करून देतात, पण मग त्याला २० टक्के जास्त पडतात आणि तुझ्या हातात ४ टक्के कमी येतात. यात दोघांचंही नुकसान आहे, आणि हे त्याला माहीत असलं की बरंच काम होतं. एक भीती आत्ताच काढून टाकते, कारण प्रत्येक दुसरी बाई मला हे विचारायची: नाही, मेंटेनन्स मिळतो म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट कापलं जात नाही. ते त्यात धरतच नाहीत.

तुझा टॅब परत कर. ऑनलाइन घेतलेली वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. ४ ला आला म्हणजे १८ डिसेंबरच्या आत विक्रेत्याला लेखी कळव. त्यानंतर वस्तू पाठवायला आणखी १४ दिवस. खोका उघडून बघितला असलास तरी चालतं, वापरायला लागली असलीस तर पैसे कापतील. हप्तेवाल्या कंपनीलाही त्याच दिवशी कळव, आणि त्यांनी लेखी "थांबवलं" म्हणेपर्यंत हप्ता चुकवू नकोस. नाहीतर टॅब परत गेला आणि दंड मात्र राहिला, असं होतं. दुकानात जाऊन घेतलेला असता तर हा हक्क नव्हता. वस्तू खराब नसेल तर दुकानदार परत घ्यायला बांधील नाही, घेतात तो त्यांचा चांगुलपणा. लेकीने दोनाचा प्रश्न विचारला तेव्हाच निकाल लागला होता. तिला हवं ते एक पुस्तक आण आणि २५ ला दोघी मिळून पुरणपोळ्या करा. ती तोवर पुण्याला गेली असेल, तर आल्यावर.

राहिला जानेवारी. १९ डिसेंबरला पगार, पुढचा ३० जानेवारीला. मोज: बेचाळीस दिवस. या देशात लोक नाताळात उधळतात म्हणून जानेवारीत कडकी येते असं म्हणतात. निम्मं कारण हे आहे की पगार आधी होतो आणि महिना सहा आठवड्यांचा होतो. १९ ला पगार आला की भाडं, वीज-गॅस, काउन्सिल टॅक्स यांचे पैसे दुसऱ्या खात्यात हलव, आणि उरलेल्याला चाराने नाही, सहाने भाग. दर शुक्रवारी एक भाग घे.

आणि तुझ्या २४-ते-२३ मध्ये एक खड्डा आहे. २८ नोव्हेंबरचा पगार आणि १९ डिसेंबरचा पगार, दोन्ही एकाच महिन्यात पडतात. मालकाने एचएमआरसीला, म्हणजे करखात्याला, पगाराची तारीख १९ अशी कळवली तर कॉम्प्युटरला वाटेल की तुझं उत्पन्न दुप्पट झालं, आणि युनिव्हर्सल क्रेडिट धाडकन खाली येईल. नियम असा आहे की नाताळामुळे पगार लवकर दिला तरी मालकाने तारीख नेहमीचीच, म्हणजे २६, कळवायची. एचएमआरसी मालकांना हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुठेतरी कुणीतरी विसरतं. तू उद्या पगाराचं काम बघणाऱ्या व्यक्तीला साधा मेल टाक. तरी चुकलंच तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये लिही की मासिक पगार दोनदा धरला गेलाय, एक पुढच्या महिन्यात टाका. २०२० च्या नोव्हेंबरपासून त्यांना तसं करता येतं.

एक विचारायचं राहिलं. तो घरातून गेल्यावर तू काउन्सिलला कळवलंस का? घरात एकच प्रौढ असेल तर काउन्सिल टॅक्सवर २५ टक्के सूट असते. दीड वर्ष पूर्ण भरत असशील तर मागच्या तारखेपासून माग. बरेचदा १,४०० च्या कार्डावरचं उत्तर अशाच एखाद्या विसरलेल्या अर्जात असतं. शिवाय काउन्सिल टॅक्स दहा हप्त्यांत भरत असशील तर जानेवारीचा हप्ता शेवटचा. फेब्रुवारी आणि मार्च मोकळे. ते दोन महिने कार्डाला दे. २४.९ टक्क्यांचं कार्ड धरलं तर १,४०० वर महिन्याला २६ पौंडांच्या आसपास नुसतं व्याज जातं, म्हणून किमान रकमेवर थांबू नकोस. डोक्यावरून पाणी जायला लागलं तर कर्जसल्ला फुकट मिळतो, स्टेपचेंज किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसकडे. त्यांच्यामार्फत ६० दिवसांची "ब्रीदिंग स्पेस" मिळू शकते. त्या काळात बहुतेक कर्जांचं व्याज आणि वसुलीचे फोन थांबतात. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही.

पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या बाईंकडून एक पेनीही घेऊ नकोस. इथे कर्ज द्यायचा धंदा करायला परवाना लागतो आणि कुणाचा पासपोर्ट तारण ठेवून घेणारा परवानाधारक नसतो. असं कर्ज घेणं गुन्हा नाही, देणं गुन्हा आहे. तुझ्या ओळखीतल्या कुणी आधीच घेतलं असेल तर तिलाही हे सांग. आणि जरा विचार कर: लेकीच्या प्रवासाची ही बोलणी चालू असताना तुझा स्वतःचा पासपोर्ट परक्या घरात!

अडलंच तर क्रेडिट युनियन आहे. आपली पतपेढीच ती. व्याजाला कायद्याने महिन्याला ३ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. त्याहून आधी भिशीतल्या नऊ जणींना विचार, जानेवारीचा नंबर कुणी मार्चशी बदलेल का. भिशीत हे होतं, त्यासाठीच भिशी असते. फक्त भिशीला कुठलंही सरकारी संरक्षण नसतं हे माहीत असू दे. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये इथे फेअरपॅक नावाची कंपनी बुडाली. वर्षभर थोडे थोडे पैसे भरायचे आणि नाताळला खाऊची टोपली नि व्हाउचर घ्यायची, असा तिचा धंदा. लाखाहून जास्त लोकांचे नाताळचे पैसे ऐन वेळी गेले, कारण ती बँक नव्हती. दहा ओळखीच्या बायकांची भिशी वेगळी आणि अनोळखी माणसांची, व्हॉट्सअ‍ॅपवर वाढत गेलेली भिशी वेगळी. पुढच्या डिसेंबरसाठी पैसे क्रेडिट युनियनमध्ये साठव. तिथल्या ठेवी बँकेसारख्याच संरक्षित असतात.

ख्रिसमस बोनस खरा आहे. दहा पौंड. १९७२ मध्ये दहा होता, आजही दहाच आहे. स्टेट पेन्शन, केअरर्स अलाउन्स, पीआयपी (आजार-अपंगत्वाचा भत्ता) अशा काही ठरावीक भत्त्यांवर तो आपोआप जमा होतो. नुसत्या युनिव्हर्सल क्रेडिटवर मिळत नाही, म्हणजे तुला नाही. तू फार मोठं काही गमावलं नाहीस.

त्याला काय लिहायचं ते मी लिहून देते. तुझ्या शब्दांत बदल, पण दोन्ही विषय दोन वेगळ्या मेसेजमध्ये पाठव, आणि त्यांच्यामध्ये एक रात्र जाऊ दे.

आज: "आजींच्या कार्यक्रमाला तिने जावं असं मलाही वाटतं. २० ला निघून ४ जानेवारीच्या आत परत, असं जमेल का? शाळेचे दिवस बुडणार नाहीत. दोन्ही बाजूंच्या तिकिटांची प्रत आणि पुण्याचा पत्ता पाठव, मी त्याच दिवशी संमतीपत्र सही करून देते. आई म्हणाल्या की नातीला सोडणार नाही. त्या प्रेमाने म्हणाल्या असतील, पण मला भीती वाटली, म्हणून परतीची तारीख पत्रात लिहिते."

उद्या: "टॅब छान आहे, तिला आवडेल. मी घेतलेला परत करतेय. पण भेट मेंटेनन्समधून वळती करायचं आपलं ठरलं नव्हतं. या महिन्याचे राहिलेले २३० पाठव. एकदम जमत नसेल तर दोन महिन्यांत दे, कोणत्या तारखांना ते कळव. जानेवारीत बसून सगळं लिहून काढू."

त्याचं उत्तर आलं की मला कळव, विशेषतः तिकिटांबद्दल. आणि आज झोपण्यापूर्वी टॅब रद्द केल्याचा मेल टाक, १८ तारीख लांब नाही.

– मावशी